परतीचा शिक्का

दवाखान्याच्या तळमजल्यावर रक्त तपासण्याची खोली होती. तिथल्या प्रमुखांना सगळे तोंडावर सर म्हणायचे आणि पाठ फिरली की परतसाहेब. नाव अगदी चपखल बसलं होतं. त्यांच्या टेबलावर एक रबरी शिक्का असायचा, त्यावर एकच शब्द, 'परत'. अकरा वर्षांत तो त्यांनी इतक्या वेळा मारला होता की त्याची लाकडी मूठ त्यांच्या अंगठ्याच्या मापाने झिजली होती. रक्त कमी आलं, परत. चिठ्ठीवर वेळ लिहिली नाही, परत. नळीचं टोपण तिरकं बसलंय, परत. वरच्या वॉर्डांतल्या सिस्टर त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या, पण हळू आवाजात. कारण माणूस लबाड नव्हता. त्यांच्या खोलीतून अकरा वर्षांत एकही चुकीचा रिपोर्ट बाहेर पडला नव्हता. तसं प्रमाणपत्रच भिंतीवर होतं, काचेच्या चौकटीत, आणि ती काच ते रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने पुसायचे. दुसऱ्या कोणी पुसलेली त्यांना चालत नसे.

त्यांचा खरा राग होता लाल नमुन्यांवर. आता तुम्ही म्हणाल, रक्त लालच असतं, त्यात राग कसला? तसं नाही. रक्ताची नळी चक्रीत घालून गरगर फिरवली की पेशी तळाशी बसतात आणि वर पाणी राहतं, स्वच्छ, फिकट पिवळं. तपासायचं असतं ते हे पाणी. पण रक्त घेणाऱ्याने सुई वेडीवाकडी खुपसली, जोर लावून ओढलं, नळी खळाखळा हलवली, तर पेशी नळीतच फुटतात आणि वरचं पाणी लाल होतं. मग पेशींच्या पोटातलं सगळं त्यात उतरतं आणि आकडे वाटेल तसे चढतात. असा रिपोर्ट म्हणजे शुद्ध थाप. म्हणून परतसाहेबांनी भिंतीवर पाटीच लावली होती, 'लाल पाणी म्हणजे वाईट हात'. आणि संचातली एक नळी लाल निघाली की तिच्या जोडीची दुसरी नळी न तपासताच बाद व्हायची. ज्याला एक नळी धड भरता येत नाही त्याने दुसरी काय दिवे लावले असणार, असा त्यांचा हिशेब.

नावांचा नियमही त्यांचाच. पूर्वी नळीवर पेशंटचं नाव असायचं. पण एकदा एका तंत्रज्ञाने आपल्या मेव्हण्याची साखर तीन वेळा तपासली, मनासारखी येईपर्यंत, आणि तिसरी पाठवताना पकडला गेला. तेव्हापासून परतसाहेबांनी नावं काढूनच टाकली. नळीवर नंबर, बस्स. परत घेतलेल्या रक्तालाही नवा नंबर. "नाव दिसलं की माणूस माणसासारखा वागायला लागतो," ते म्हणायचे, आणि हे फार वाईट आहे असं त्यांना मनापासून वाटायचं. वॉर्डातून आलेला फोन घ्यायचा नाही, हाही नियमच. फोनवर सिस्टर गयावया करतात आणि इकडचा माणूस विरघळतो. काय असेल ते चिठ्ठीवर लिहा.

अशा या माणसाची एकुलती एक लेक गरोदर होती. तेहेतिसावा आठवडा लागला आणि तिचे पाय सुजले, मग चेहरा सुजला, बोटातली अंगठी साबण लावून काढावी लागली, आणि रक्तदाब असा चढला की तिला वरच्या मजल्यावर बाळंतपणाच्या वॉर्डात दाखल करून घेतलं. जावई परगावी कामावर होता, तो निघाला होता. लेकीची आई उशाशी बसली होती. सकाळी नऊ वाजता परतसाहेब पांढरा कोट खाली काढून ठेवून वर गेले, नुसते बाप म्हणून.

बाळंतपणाच्या मोठ्या डॉक्टर, त्यांना सगळे मॅडम म्हणत, खाटेशीच होत्या. त्यांनी सरळ सांगितलं. "प्री-एक्लॅम्प्शिया आहे, गरोदरपणात चढणारा घातक रक्तदाब. दाब एकशे साठवर एकशे दहा. बाळ आत राहिलं तर बाळाला बरं, बाहेर काढलं तर हिला बरं. आजार किती पुढे गेलाय ते आता रक्तच सांगेल. प्लेटलेट, यकृताचे आकडे, यूरिक ॲसिड, सगळं पाठवते. बरे आले तर आठवडाभर ओढू. वाईट आले तर आजच ऑपरेशन. पण रक्त बघितल्याशिवाय मी तेहेतिसाव्या आठवड्यात पोट उघडणार नाही."

"तुम्ही फक्त पाठवा," परतसाहेब म्हणाले. "खाली मी आहे."

लेक उशीवरून हसली. सुजलेल्या चेहऱ्यात तिचे डोळे बारीक झाले होते. "बाबा, माझं रक्त परत पाठवू नका हं."

"नीट घेतलं तर कशाला पाठवेन?" ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून खाली आले. जिन्यावर त्यांच्या मनात आलं की तिचा नंबर विचारून घ्यायला हवा होता. दोन पायऱ्या ते वर चढलेसुद्धा. मग स्वतःलाच दटावलं त्यांनी. नियम म्हणजे नियम, लेकीसाठी मोडला तर त्या मेव्हणेवाल्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? फार बरं वाटलं त्यांना तेव्हा स्वतःबद्दल. ते खाली आले, कोट चढवला आणि वाट बघत बसले.

दहा वाजून गेल्यावर बाळंतपणाच्या वॉर्डातून एक संच आला. हिरव्या टोपणाची नळी यकृताच्या वगैरे आकड्यांसाठी, जांभळ्या टोपणाची प्लेटलेटसाठी. नंबर ४११७. चक्रीवर एक बाई बसायची, दोन पोरांची आई, कामाला चोख, तिला सगळे चक्रीवाली म्हणत. तिने हिरवी नळी फिरवली, बाहेर काढली आणि उजेडात धरली.

"सर, लाल आहे."

परतसाहेबांनी नुसतं मान वळवून पाहिलं. पाणी लालभडक होतं. "वा! सकाळी सकाळी मुहूर्त केला सिस्टरबाईंनी." त्यांनी चिठ्ठीवर शिक्का हाणला, खाली लिहिलं, 'वाईट हात. नीट घ्या.' न तपासलेली जांभळी नळीही तशीच ट्रेमध्ये ठेवून दिली. नाकारलेल्या नमुन्यांची एक जाड वही होती, तिच्यात सुवाच्य अक्षरात नंबर चढवला. आणि पुन्हा लेकीच्या रक्ताची वाट बघायला लागले.

पावणेअकराला त्यांना राहवेना. बायकोला फोन लावला. "रक्त घेतलं का गं तिचं?"

"कधीच. दहाच्या आत."

"मग माझ्याकडे का नाही आलं?"

"मला काय विचारता? तुमचा दवाखाना."

"घेऊन टेबलावर ठेवलं असणार! हेच चालतं तिथे. काय म्हणावं या लोकांना, पेशंट तिथे तळमळतोय आणि त्याचं रक्त टेबलावर गार होतंय." परतसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चक्रीवाली ऐकत होती. तिने एकदा ट्रेकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

"सर, बाळंतपणाच्या वॉर्डातून आज तो एकच संच आलाय. लाल होता तो."

"मग?"

"नाही, काही नाही."

बिचारीने तोंड मिटलं. अकरा वर्षं त्या खोलीत ज्याने ज्याने तोंड उघडलं होतं त्याचं काय झालं होतं, हे तिला पाठ होतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात जे आलं होतं ते तिलाच अशुभ वाटलं.

सव्वाअकराला दुसरा संच आला. नंबर ४१३२. चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात, 'पुन्हा घेतला आहे. अतिशय काळजीपूर्वक घेतला आहे. कृपया तपासा.' ही भाषा वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांची. सिस्टर तीस वर्षं नोकरीत होत्या, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि परतसाहेबांशी त्यांचं पहिल्या वर्षापासून हाडवैर. दोघं समोरासमोर बोलत नसत, चिठ्ठ्यांवर भांडत. नळी फिरली, बाहेर आली. पुन्हा लाल. पहिलीपेक्षा जास्तच.

परतसाहेब दिलखुलास हसले. "अतिशय काळजीपूर्वक! बघा, काळजी किती उतरलीय ती." शिक्का. वही. 'वाईट हात, दुसऱ्यांदा.' जांभळी नळी पुन्हा तशीच बाजूला. एवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको होती.

"अहो, त्या परत रक्त घेऊन गेल्या. पोरीचा दंड काळानिळा झालाय. आणि तिला उजवीकडे फासळीखाली दुखतंय म्हणते, पित्तासारखं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते."

"पित्तच असेल. सकाळपासून पोटात अन्न नाही." एका हातात फोन, दुसऱ्या हातात ४१३२ ची नळी. "आणि दोनदा काय म्हणून टोचतात? एकदा नीट जमत नाही यांना? माझ्या पोरीच्या हाताची चाळण करायला ठेवलंय का यांना इथे? थांब, आज मी लेखी तक्रारच करतो."

त्यांनी खरोखर कागद ओढला आणि तक्रार लिहायला घेतली. तारीख घातली, विषय घातला, 'रक्त घेण्यातील अक्षम्य निष्काळजीपणाबाबत'. मजकुराला हात घालणार तोच दार उघडलं आणि मोठ्या सिस्टर आत आल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. हातात ट्रे, ट्रेमध्ये भरलेल्या दोन नळ्या, रिकाम्या दोन नळ्या, सुई, कापूस, दंडाला बांधायचा पट्टा.

"हा तिसरा," त्या म्हणाल्या.

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. मी आलेय ना, मलाच वाचा." त्यांनी ट्रे टेबलावर आपटला नाही, अगदी हळू ठेवला. "साहेब, माझा हात वाईट आहे असं तुम्ही आज दोनदा लिहून दिलंत. बाही वर करा."

"काय?"

"बाही वर करा. तुमचं रक्त घेते. ज्या हाताने हे घेतलं त्याच हाताने, तसल्याच सुईने. दोन्ही नळ्या बरोबर फिरवा. तुमचंही पाणी लाल निघालं तर राजीनामा लिहून आणलाय, खिशात आहे. शिक्का मग त्याच्यावरच मारा."

परतसाहेबांना खरं म्हणजे गंमत वाटली. आयती चालून आलेली संधी कोण सोडतो? "तुमची हौस फिटू दे," म्हणत त्यांनी कोटाची बाही दुमडली आणि हात टेबलावर ठेवला. सिस्टरांनी पट्टा आवळला, शीर चाचपली, सुई गेली. गेली कधी ते त्यांना कळलंसुद्धा नाही, पण हे कबूल करायची ती वेळ नव्हती.

चक्रीत नळी एकटी ठेवता येत नाही. समोरासमोर तेवढ्याच वजनाची दुसरी लागते, नाहीतर चक्री थडथडते. एरवी चक्रीवाली पाण्याने भरलेली नळी ठेवायची. आज तिने एका बाजूला वॉर्डातली नळी ठेवली, तिच्या बरोबर समोर साहेबांची, आणि झाकण लावलं. पाच मिनिटं. चक्री अगदी सुरळीत फिरली, जराही थडथडली नाही. सिस्टर फक्त परतसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"तुम्हाला काही विचारायचं नाही?" त्यांनी शेवटी म्हटलं.

"काय विचारायचं?"

"काही नाही." त्यांनी तोंड फिरवलं.

चक्री थांबली. परतसाहेबांनी स्वतः दोन्ही नळ्या काढल्या आणि खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. त्यांची स्वतःची पिवळी, निवळ, इतकी स्वच्छ की पलीकडची पाटी वाचता यावी. आणि दुसरी लाल, तिन्हींत सर्वांत गडद.

आता परतसाहेब हट्टी होते, तिरसट होते, पण मठ्ठ नव्हते. एकच हात, तसलीच सुई, एकच चक्री. हात वाईट नसेल तर उरतं काय? उरतं रक्त. पेशी नळीत फुटत नव्हत्या, त्या बाईच्या अंगातच फुटत होत्या. हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याला पूर्ण गुण मिळाले होते. गरोदरपणातला रक्तदाब फार पुढे गेला की पेशी आतच फुटतात, यकृत सुजतं, उजव्या फासळीखाली दुखतं, प्लेटलेट संपत जातात. अशी बाई तासांच्या हिशेबात जाते. आणि ही बाई दहा वाजल्यापासून त्यांच्या दारात दोनदा येऊन गेली होती.

"कोण आहे ही?" ते ओरडलेच. "हिला इतका वेळ ठेवलंय कसं? कोण आहे ही बाई?"

सिस्टरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की चक्रीवालीला ते शेवटपर्यंत विसरता आलं नाही. राग नव्हता त्यात. रागाची जागा काहीतरी दुसरंच घेत होतं.

"तुम्हाला माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "साहेब, तुमची लेक आहे. मी समजत होते, तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, पोटच्या पोरीलाही नियम लावताय."

परतसाहेबांनी हातातल्या दोन्ही नळ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवल्या. लेक मरतेय, ही एक गोष्ट. आणि आपण जाणूनबुजून तिला मरू देत आहोत, यावर या बाईने विश्वास ठेवला होता, सहज, आश्चर्य न वाटता, ही दुसरी. त्या घटकेला कुठली जास्त लागली, हे त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही.

वर धावत जावं असं फार वाटलं त्यांना. पण वर जाऊन ते काय करणार होते? डोक्यावर हात ठेवणार होते. आकडे काढायचे तर खालीच काढायचे होते, आणि ते काम त्यांच्याइतकं भराभर कोणालाच जमत नव्हतं. त्यांनी जांभळी नळी उचलली आणि मशीनवर लावली. प्लेटलेट दीड लाखांच्या वर हव्यात. आल्या अठ्ठावन्न हजार. ४११७ ची जांभळी नळी अजून ट्रेमध्येच होती. आजार किती वेगाने धावतोय ते कळावं म्हणून तीही लावली. सकाळी दहाच्या त्या रक्तात ब्याण्णव हजार होत्या.

मग लाल पाण्याची नळी. मशीनने ती घेतलीच नाही. पडद्यावर आलं, 'नमुना लाल आहे. पुढे जाता येणार नाही. प्रमुखांची परवानगी आणि लेखी कारण द्या.' हीसुद्धा साहेबांनीच बसवून घेतलेली सोय. अकरा वर्षांत ती परवानगी त्यांनी कोणालाही दिली नव्हती. आता ती स्वतःलाच द्यायची होती, आणि परवलीचा शब्द दोनदा चुकला. कारणाच्या चौकटीत त्यांनी टाइप केलं, 'हात चांगला आहे.' मशीनला तेवढं पुरलं.

एलडीएच नावाचा एक आकडा असतो. पेशी फुटल्या की तो चढतो. तो दोनशेच्या आसपास असायला हवा होता, आला एकोणीसशे. यकृताचे आकडे दहापट. परतसाहेबांनी भिंतीवरचा फोन उचलला, जो वॉर्डासाठी अकरा वर्षं मुका होता, आणि चिठ्ठी, नंबर, सही, सगळं सोडून आकडे ओरडून सांगितले. पलीकडून मॅडम एवढंच म्हणाल्या, "घेते आत." तोवर सिस्टर जिना चढूनही गेल्या होत्या. एरवी गुडघे धरून चढणारी बाई.

साडेबाराला ऑपरेशन झालं. मुलगी झाली. सोळाशे चाळीस ग्रॅम, ओंजळीत मावेल एवढी, पण रडली खणखणीत. लेकीला प्लेटलेटच्या पिशव्या चढल्या, झटके येऊ नयेत म्हणून औषध चालू झालं. दोन दिवस जीव टांगणीला होता. परतसाहेब दर सहा तासांनी स्वतः रक्त फिरवायचे आणि पाणी उजेडात धरायचे. लाल, मग गुलाबी, मग फिकट गुलाबी. चौथ्या दिवशी दुपारी पाणी पिवळं निघालं. तेव्हा ते चक्रीशेजारच्या स्टुलावर बसून चक्रीवालीच्या देखत रडले. तिने काही न बोलता आपला रुमाल पुढे केला. त्यांचा स्वतःचा रुमाल काच पुसायचा होता.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. लेक वाचली, नात वाचली, साहेबांना धडा मिळाला, सगळे खूश. पण पाचव्या दिवशी मॅडम खाली आल्या, हातात एक छापील निबंध घेऊन. तीन वर्षं त्या एकच गोष्ट शोधत होत्या, की रक्तातल्या कुठल्या आकड्यावरून कळतं हा आजार किती गंभीर झालाय. दोनशे बारा बायकांचं रक्त तपासून त्यांनी लिहिलं होतं की प्लेटलेटचा थोडाफार उपयोग होतो, पण एलडीएच बिनकामाचा. फार आजारी बायकांतही तो फारसा चढलेला दिसत नाही.

"बाकी सगळ्या जगात चढतो," मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं, आपल्याकडच्या बायकांचं काही वेगळं असेल. तसं लिहिलंसुद्धा." त्यांनी शेवटचं पान उलटून दाखवलं. तिथे रक्ततपासणी विभागाचे जाहीर आभार होते, नमुन्यांच्या निर्दोष दर्जाबद्दल.

परतसाहेबांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांना कळलं. ज्यांचा एलडीएच चढला होता त्यांचं पाणी लाल होतं. ज्यांचं पाणी लाल होतं त्यांना शिक्का बसला होता. मॅडमच्या दोनशे बारांत त्या बायका नव्हत्याच. त्या होत्या नाकारलेल्यांच्या वहीत, सुवाच्य अक्षरात, नुसत्या नंबरांनी.

त्या दुपारी परतसाहेब वही काखेत मारून वर गेले. मोठ्या सिस्टर आपल्या खोलीत औषधांची यादी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली, वही पाहिली, आणि न विचारता कपाटातून स्वतःचं रजिस्टर काढलं. कोणाचं रक्त केव्हा घेतलं, कुठल्या नंबराने खाली पाठवलं, सगळं त्यांच्याकडे नावानिशी होतं. त्या नावं सोडत नसत.

"तीन वर्षांत तुमच्या वॉर्डाचे एक्केचाळीस लाल," परतसाहेब म्हणाले. "मी नंबर वाचतो."

"वाचा."

पहिले बरेचसे किरकोळ निघाले. "ही एक शिकाऊ होती, हात खरंच वाईट होता तिचा," सिस्टर म्हणाल्या. "हिला चौथ्यांदा शीर सापडली. हीसुद्धा आमचीच चूक." परतसाहेबांना हायसं वाटायला लागलं होतं, आणि तसं वाटल्याची लाजही. मग असे नंबर आले की ज्यांच्या मागोमाग त्याच बाईचा दुसरा नंबर होता, तोही लाल.

"हिचं काय झालं?"

"बरी झाली. महिनाभर होती इथे."

"हिचं?"

"बाळ गेलं."

"हिचं?"

सिस्टरांनी रजिस्टरात बघितलं, पण डोळे ओळीवरून सरकले नाहीत. बाहेर कोणाचं तरी बाळ रडत होतं, बहुतेक दूध हवं होतं त्याला.

"पुढचा नंबर वाचा, साहेब."

"नाही. सांगा."

"तीनदा पाठवलं होतं हिचं," सिस्टर म्हणाल्या. "तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा घ्यायला काही उरलं नव्हतं. नवरा जिन्यात बसला होता, रिपोर्ट आला का म्हणून विचारत होता. मी त्याला सांगितलं, खालून यायचाय."

वहीत त्या नंबरापुढे त्यांचंच अक्षर होतं, 'वाईट हात, तिसऱ्यांदा', आणि त्याखाली रागाने ओढलेली एक रेघ. त्या दिवशी आपण चिडलो होतो, एवढंच त्यांना आठवत होतं, बाकी काहीच आठवेना.

"नाव काय तिचं?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी नाव सांगितलं. माहेरचं नावही सांगितलं, वय सांगितलं, बावीस. परतसाहेबांनी पेन उघडलं. वहीत नंबरासाठी रकाना होता, तारखेसाठी होता, कारणासाठी होता. नावासाठी रकाना त्यांनी आखलाच नव्हता. म्हणून त्यांनी वही आडवी फिरवली आणि समासात, बारीक अक्षरात, तिचं नाव लिहिलं.

"आता पुढचा वाचा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी वाचला.